पंप हलतो, घर वाजतं

रात्री झोपताना फिश टँकचा पंप बंद करणारी घरं पुण्यात पुष्कळ आहेत. टाक्या बसवण्याचं आणि त्यांची देखभाल करण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. ‘रात्रीपर्यंत चांगला होता, सकाळी उलटा तरंगत होता’ हा सकाळचा फोन माझ्या चांगल्या ओळखीचा झाला आहे. गेल्यावर पाणी तपासतो, तापमान बघतो, माशाच्या अंगावर डाग-बुरशी दिसते का ते पाहतो. मग विचारतो, रात्री फिल्टर चालू होता ना? उत्तर लगेच येत नाही. नवरा बायकोकडे बघतो, बायको सासूबाईंच्या खोलीकडे बघते. शेवटी कोणीतरी सांगतं, "आवाजानं झोप लागत नाही हो, दादा."

या उत्तराचा मला राग येत नाही, कारण तक्रार खरी असते. दिवसा रहदारी, टीव्ही, मिक्सर यांत तो आवाज बुडून जातो. रात्री सोसायटी निवली की तीच भुणभुण भिंतीतून उशीपर्यंत येते. दिवसभर राबून आलेल्या माणसाचा हात स्विचकडे जाणारच. त्या स्विचवर टाकीतलं काय काय अवलंबून आहे, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. टाकी विकताना रंगीत दगड, प्लास्टिकची झाडं, खाद्याचा डबा सगळं हातात दिलं जातं. फिल्टर रात्रंदिवस चालायला हवा, एवढं एक वाक्य मात्र राहून जातं.

तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे १५० लिटर पाणी मावतं. २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जेमतेम ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांवर तो साडेसातच्या आसपास येतो. एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये टाकीचं पाणी ३० अंशांवर सहज जातं. उष्म्यानं माशांची गरज वाढते, नेमका तेव्हाच पाण्यातला साठा घटतो. खरी झाडं असतील तर अंधारात तीही त्याच साठ्यातून प्राणवायू घेतात. पंप पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवतो, आणि त्या हालचालीतून हवा पाण्यात मिसळत राहते. शिवाय स्पंजात आणि सिरॅमिकच्या नळकांड्यांत वसलेले जिवाणू असतात. माशांच्या शरीरातून निघालेल्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यांनाही वाहतं पाणी लागतं. कॅनिस्टर फिल्टरच्या बंद डब्यात पाणी साचून राहिलं की काही तासांत आतला प्राणवायू संपतो, आणि सकाळी स्विच दाबल्याबरोबर तेच कुजकं पाणी टाकीत येतं.

म्हणून पंपाचा आवाज बंद करणं हे मी माशांच्याच देखभालीतलं काम मानतो. पाणी बदलणं, काच पुसणं याइतकंच. ज्या घरात पंप ऐकू येत नाही, त्या घरात तो बंद करावा असं कोणाच्या मनातही येत नाही.

लोक आपापल्या परीनं उपाय करतातच. एअर पंप टॉवेलात गुंडाळलेला असतो, उशीखाली दाबलेला असतो, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेला असतो. टॉवेलात पंप तापतो आणि हवा ओढायचं त्याच्या तळाचं भोक बंद होतं. पत्र्याच्या डब्यात तर आवाज आणखी मोठा होतो. मग दुसरा पंप येतो, तिसरा येतो, जास्त महागाचा येतो. कोथरूडच्या एका दाताच्या दवाखान्यात हेच झालं होतं. बाहेरच्या खोलीत रुग्णांना बरं वाटावं म्हणून डॉक्टरांनी हौसेनं टाकी ठेवली होती. पण टाकीखालच्या प्लायवुडच्या कपाटातून असा घुमणारा सूर यायचा, की बाहेर बसलेल्या माणसाला आत ड्रिल चालू आहे असंच वाटावं. डॉक्टरांनी पंप बदलून पाहिला होता. नवाही तसाच वाजला. मी कपाटाचं दार उघडलं आणि चालू एअर पंप नुसता हातात उचलून धरला. खोली एकदम शांत झाली. डॉक्टर आतून मान वळवून म्हणाले, "बंद केलात का?"

बंद केला नव्हता, माझ्या तळहातावर तो थरथरतच होता. या एका कृतीवर माझं अर्धं काम चालतं, आणि हाताखाली येणाऱ्या मुलांना मी तीच सगळ्यात आधी शिकवतो. चालू एअर पंप उचलून धरायचा. हातातही तो तेवढाच ओरडत असेल, तर दोष पंपात. हातात गप्प झाला, तर दोष त्याच्या खालच्या वस्तूत. तंबोऱ्याची तार नुसती दोन खिळ्यांत ताणून छेडली तर किती ऐकू येईल? ऐकू येतो तो भोपळा आणि तबली. एअर पंपाचंही तेच आहे. एवढासा पंप खोलीतली हवा फारशी हलवू शकत नाही, पण ज्याला टेकलेला असतो त्या पातळ, रुंद फळीला तो हलवतो, आणि ती फळी खोलीतली हवा हलवते. टीव्ही युनिटची पाठीमागची पातळ प्लाय, बिजागरीवर सैल झालेलं दार, टाकीवरचं काचेचं झाकण, ट्यूबलाइटची पत्र्याची पट्टी, हे सगळे खरे वाजणारे. मी एकेका वस्तूवर तळहात दाबत जातो. जिथे हात ठेवल्यावर आवाज मरतो, तिथे तो जन्मतो. काचेचं झाकण खणखणत असेल, तर काचेच्या आणि कडेच्या मध्ये सिलिकॉनचे चार ठिपके पुरतात. तेवढ्यानं मिटणाऱ्या तक्रारीसाठी लोकांनी अख्खे फिल्टर बदललेले मी पाहिले आहेत.

एअर पंपाच्या आत फार काही नसतं. तांब्याच्या तारेचं एक वेटोळं, त्याच्यासमोर लवचिक दांडीवर बसवलेला चुंबक, आणि दांडीच्या मध्यावर जोडलेली एक रबरी वाटी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून चुंबक सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होतो आणि ती वाटी तेवढ्याच वेळा हवा ढकलते. ही गती आपल्याला बदलता येत नाही, ती वीजकेंद्रातून ठरून आलेली आहे. आपल्या हातात राहतं ते पंपाच्या खालचं. कपाटाची फळी ५० किंवा त्याच्या पटीतल्या कंपनांना साथ देणारी असेल, तर ती भरभरून वाजते. त्याच फळीला मागून एक आडवी पट्टी ठोकली की तिचा ताठपणा बदलतो आणि साथ तुटते.

दवाखान्यात मी शहाबादी फरशीचा एक तुकडा वापरला. खाली जाड मऊ स्पंज, त्यावर फरशी, फरशीवर पंप. फरशी कशाला, नुसता स्पंज का नाही, असं डॉक्टरांनी विचारलं. लोक इथेच चुकतात. पंप हलका असतो. त्याच्या वजनानं जाड रबर किंवा घट्ट फोम दबतच नाही, आणि न दबलेलं रबर कंपन जसंच्या तसं खाली पोचवतं. आधार इतका मऊ हवा की वरच्या वजनानं तो दिसेल एवढा दबेल. मग वरचं वजन आणि खालचा मऊपणा मिळून त्यांचा स्वतःचा झोका फार संथ होतो, आणि सेकंदाला ५० वेळा येणारे धक्के त्या संथ झोक्यातच विरतात. फरशीनं वजन दिलं, स्पंजानं मऊपणा. यंत्रशाळांमध्ये मोठ्या यंत्रांखालचा पाया याच हिशेबानं करतात. आपल्या कपाटातल्या यंत्राला फुटलेल्या फरशीचा तुकडा पुरतो, आणि तो बांधकामाच्या कुठल्याही ढिगाऱ्यावर फुकट मिळतो.

एवढं करूनही कधी कधी आवाज राहतो. तेव्हा मी नळीकडे बघतो. पंप गादीवर बसवला, पण जुनी कडक झालेली नळी कपाटाच्या भोकाच्या कडेला टेकून वर गेली असेल, तर सगळं कंपन नळीतून फळीत जातं. मऊ सिलिकॉनची नळी, भोक थोडं मोठं, आणि कडेला रबराची वळी, एवढ्यानं ते थांबतं. भिंतीतल्या खिळ्याला पंप टांगण्याची पद्धत तर मला मुळीच आवडत नाही. पंप टाकीच्या पाण्यापेक्षा उंच राहावा, म्हणजे वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं पंपात उतरणार नाही, हा त्यामागचा विचार बरोबर आहे. पण मग वाजायला अख्खी भिंत मिळते आणि भिंतीपलीकडचं कुटुंबही जागं राहतं. नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व घालावा आणि पंप खालीच मऊ आधारावर ठेवावा.

दोन पंप शेजारी शेजारी असतील तर आणखी एक गोष्ट करून बघतो. दोन्ही एकाच विजेवर चालतात, त्यामुळे त्यांची कंपनं एका तालात असतात. दोघांचे चुंबक एकाच वेळी एकाच बाजूला गेले तर धक्के एकमेकांत मिळतात, विरुद्ध बाजूला गेले तर एकमेकांना खातात. दोन पिनचा प्लग काढून उलटा फिरवून लावला की त्या पंपाचा ताल उलटा होतो. दर वेळी फरक पडतो असं नाही. पण पडतो तेव्हा, काहीही खर्च न करता खोलीतला आवाज उतरतो.

विजेचा विषय निघालाच आहे, तर धायरीच्या एका काकूंचं सांगायला हवं. "लाइट गेली की आमचा पंप ओरडतो," असं त्यांचं म्हणणं. ऐकणाऱ्याला खोटं वाटावं असं वाक्य, पण अक्षरशः खरं होतं. घरात जुन्या पद्धतीचा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर होता. महावितरणच्या विजेची लाट गोलाईनं चढते-उतरते. या इन्व्हर्टरची लाट पायऱ्यांसारखी एकदम उडी मारते, आणि त्या प्रत्येक उडीबरोबर चुंबकाला झटका बसतो. त्यांचे पंखेही इन्व्हर्टरवर तसेच घुमायचे, पण पंख्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. साइन वेव्ह इन्व्हर्टर आला आणि पंपाचं ओरडणं थांबलं. काही भागांत रात्री उलटा प्रकार होतो. विजेचा वापर उतरला की व्होल्टेज वर जातं, वेटोळं चुंबकाला जास्त जोरानं ओढतं, आणि दांडी कडेला आपटून टकटक सुरू होते. दिवसा गप्प असणारा पंप रात्री का वाजतो, याचं हे एक कारण. मल्टीमीटर पिशवीत असल्याशिवाय मी म्हणूनच रात्रीच्या तक्रारीला जात नाही.

आता खुद्द पंपाचे दोष. पाण्यात बुडवायच्या पंपात किंवा कॅनिस्टरच्या डोक्यात एक चुंबकी रोटर असतो, त्याला जोडलेला पंखा म्हणजे इम्पेलर, आणि मधून जाणारा सिरॅमिकचा बारीक दांडा. दांड्याच्या दोन्ही टोकांना रबराच्या टोप्या. धरणाचं पाणी येणाऱ्या भागात हा सगळा संच बराच काळ स्वच्छ राहतो. वाघोलीकडे टँकर आणि बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या टाक्यांत मात्र काही महिन्यांत रोटरवर पांढरी खडी चढते. फिरणाऱ्या आणि स्थिर भागांमधली फट केसाएवढी, तिथे क्षार बसला की खरखर सुरू होते. प्लग काढायचा, हे आधी. चालू पंप असताना पाण्यात हात घालू नये, मग कितीही घाई असो. रोटर हलक्या हातानं ओढून काढायचा आणि व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा. फेस येतो, थर सुटतो. मग जुन्या टूथब्रशनं रोटर आणि त्याची विहीर दोन्ही घासायची, आणि साध्या पाण्यानं नीट धुऊन बसवायचं.

खरखर नसून टकटक असेल तर दांड्याकडे बघावं. सिरॅमिक कठीण असतं पण ठिसूळ, साफ करताना हातून पडलं की तुटतं. तुटलेला दांडा जागच्या जागी बसतो, पंप चालतोही, आणि प्रत्येक फेऱ्यात डगमगतो. या मोटरी विजेच्या तालाशी बांधलेल्या असतात, दोन ध्रुवांच्या रोटरला मिनिटाला ३००० फेरे पडतात. एवढ्या फेऱ्यांत जराशी ढिलाई किती त्रास देईल हे वेगळं सांगायला नको. रबराच्या टोप्या कडक झालेल्या असल्या तरी असाच आवाज येतो. त्या फार स्वस्त मिळतात. पण दुकानात मागायला कोणी जात नाही, कारण आत असं काही असतं हेच ठाऊक नसतं.

सुरू करताना कॅनिस्टर गुरगुरतो, त्याला घाबरायचं कारण नाही. आत हवा अडकलेली असते. डबा हळूच दोन्ही बाजूंना कलवला की बुडबुडे बाहेर पडतात आणि तो शांत होतो. दोन-तीन दिवसांनीही गुरगुर राहिली तर ओ-रिंग तपासावी, तिथून तो हवा ओढत असणार. किंवा आतला स्पंज गच्च भरला असेल. पाणी मिळत नसलेला पंप नेहमीच जास्त आवाज करतो. स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळावा. नळाखाली धुतला तर क्लोरिननं जिवाणू मरतात, पंप शांत होतो आणि मासे आजारी पडतात. एअर पंपाचंही तसंच. बुडबुड्यांचा दगड बुजला की हवा मागे दाबते, रबरी वाटी ताणली जाते, आणि एक दिवस फाटते. वाटी फाटण्याआधी पंपाचा सूर चढतो. तेव्हाच दगड बदलला तर वाटी वाचते.

मोठ्या हॉटेलांत टाकीखाली सम्प, म्हणजे फिल्टरची वेगळी टाकी, असतो आणि तिथे आवाज पाण्याचा असतो. वरून उतरणाऱ्या पाइपात पाणी आणि हवा मिसळून खाली जातात, त्याचीच ती गळगळ. अमेरिकेतल्या रिचर्ड ड्युर्सो या हौशी माणसाच्या नावानं ओळखला जाणारा पाइप वरच्या टोकाला छोटं भोक ठेवून हवेला वेगळी वाट देतो. त्याहून शांत करायचं तर उतरत्या पाइपला व्हॉल्व लावून तो पाण्यानं पूर्ण भरलेला ठेवायचा, आणि व्हॉल्वमध्ये कचरा अडकलाच तर पाणी बाहेर सांडू नये म्हणून शेजारी दुसरा रिकामा पाइप ठेवायचाच. हवाच नसलेला पाइप वाजत नाही.

इथपर्यंत सगळा विचार माणसाच्या कानांचा झाला. माशाचे कान मला बऱ्याच उशिरा भेटले, वाचनातून. पाण्यातला आवाज बाहेरच्या हवेत फार कमी येतो, बहुतेक सगळा पृष्ठभागावरून परत पाण्यात फिरतो. म्हणजे बुडवलेला पंप आपल्याला ऐकू येत नाही, एवढ्यावरून टाकीतही शांतता आहे असं होत नाही. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेत ३४० च्या आसपास. माशाच्या दोन्ही कुशींवर पार्श्वरेषा असते, तिनं त्याला पाण्याची हालचाल आणि संथ कंपनं कळतात. आपल्या विजेची ५० आणि १०० ची कंपनं त्याच पट्ट्यात येतात. गोल्डफिशसारख्या माशांत तर हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे ते इतर अनेक माशांपेक्षा जास्त चांगलं ऐकतात. प्रयोगशाळेत मोठा गोंगाट ऐकवलेल्या गोल्डफिशना काही काळ कमी ऐकू येऊ लागतं, असं आढळलेलं आहे. आणि घरोघरी सगळ्यात लहान टाकीत, सगळ्यात जवळ पंप ठेवून पाळला जातो तो गोल्डफिशच.

हे वाचल्यापासून बुडवलेल्या पंपाच्या रबरी चकत्या मी नेमानं बदलतो. त्या कडक झाल्या की पंप काचेला थेट टेकतो, आणि काच दोन्हीकडे बोलते, खोलीतही आणि पाण्यातही. शक्य तिथे पंप टाकीबाहेर काढतो, लहान टाकीत मोठ्या पंपाऐवजी स्पंज फिल्टर सुचवतो. ग्राहकाला घरात काहीच ऐकू येत नसतं, त्यामुळे हा खर्च कशाला असं तो विचारतो, आणि ते विचारणं रास्त आहे. मी त्याला टाकीच्या काचेवर बोटांची टोकं ठेवायला सांगतो. थरथर लागली की बहुतेक जण पुढे काही विचारत नाहीत.

हल्ली नव्या घरात टाकीची जागा बघायला गेलो की मापं घेण्याआधी आणि कोणते मासे हवेत हे विचारण्याआधी मी झोपायच्या खोल्या विचारतो. आजी कुठे झोपतात, बाळाचा पाळणा कुठे, कोणाचं डोकं कुठल्या भिंतीकडे असतं. हिंजवडीकडच्या नव्या इमारतींत अख्ख्या भिंती काँक्रीटच्या ओतलेल्या असतात, वरच्या मजल्यावर ड्रिल चाललं तरी खाली दोन मजले कळतं. तिथे टाकी मी भिंतीपासून चार बोटं पुढे घेतो, टाकीखाली थर्माकोल आणि स्टँडच्या पायांखाली रबर घालतो, आणि पंपाचा कप्पा पलंगाच्या भिंतीपासून दूरच्या बाजूला काढायला सुताराला सांगतो. सुतारांना हे आधी चमत्कारिक वाटायचं. आता त्यांच्यातला एक जण स्वतःच विचारतो, "पंप कुठल्या अंगाला?" आणि कप्प्यात फरशीच्या तुकड्याची जागा सोडूनच फळी कापतो.